माणिकप्पांनी दुकान वाढवलं

तूरडाळ लातुरात स्वस्त आणि नांदेडात महाग आहे हे कळलं, त्या दिवशी रेणुकादास कंधारकर सरांना जेवण गेलं नाही. डाळ तीच होती. पिशवी तीच, पिवळीधमक. पिशवीवरची हसरी बाई तीच आणि दुकानाचं नावही तेच, महालाभ बाजार. पण नांदेडच्या महालाभात किलोमागे चांगले सात-आठ रुपये जास्त. पैशाचा प्रश्न नाही, असं सर विनीताबाईंना म्हणाले. पैशाचा प्रश्न नसला की सरांचा आवाज चढतो. प्रश्न नांदेडच्या इभ्रतीचा होता. नांदेडची माणसं काय बावळट वाटली का यांना?

सर नांदेडच्या एका शाळेत भूमिती शिकवत. विनीताबाई आणि मुलगा मिहिर लातुरात राहत, कारण मिहिर अकरावीला होता आणि त्याला डॉक्टर व्हायचं होतं. निदान सरांना तसं वाटत होतं. नांदेडात क्लासेस नव्हते असं नाही. पण 'मुलगा लातूरला आहे' असं सांगताना मान जी ताठ होते, ती गल्लीतल्या क्लासानं होत नाही. त्यामुळं दर शनिवारी शाळा सुटली की सर एसटीत बसत आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत स्वतःच्या बायकोकडे पाहुण्यासारखे जात.

खोली माणिकप्पांच्या किराणा दुकानावर होती. भूकंपानंतर लातुरात वरचा मजला चढवायला माणसं भीत. मग क्लासेस आले, भाडेकरू आले आणि भीती गेली. माणिकप्पांनी मात्र थोडी भीती शिल्लक ठेवून वर स्लॅबऐवजी पत्रे टाकले होते, म्हणून उन्हाळ्यात मिहिर पुस्तकासकट भाजून निघे. खाली तराजूमागे कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेले माणिकप्पा, आणि आतल्या खोलीत डाळ-तांदूळ निवडणाऱ्या त्यांच्या पत्नी पार्वतम्मा. भूकंपाच्या दिवसांत मेणबत्तीपासून बिस्किटापर्यंत सगळ्याचे भाव भडकले, तेव्हा या माणसानं जुन्याच भावानं माल दिला, असं लातुरात लोक अजून सांगतात. सांगतात आणि समोरच्या महालाभात शिरतात.

सरही तिथंच शिरत. पण त्याकडे नंतर येऊ. आधी इभ्रत.

नांदेडच्या महालाभाचा मॅनेजर टाय लावून होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, रेट वरून येतो." सरांनी वर बघितलं. वर पंखा होता. मग सर वजनमापाच्या कार्यालयात गेले. तिथले बाबू जेवायला गेले होते. ते आले तेव्हा सर चहाला गेले होते. पुढच्या खेपेला एकदाची गाठ पडली.

"छापील किमतीपेक्षा जास्त घेतले का?"

"नाही."

"वजनात मारलं?"

"नाही हो. पण लातुरात हीच डाळ कमी भावानं देऊन राहिले ते!"

"मग तक्रार लातूरची झाली की," बाबू म्हणाले. "ज्यांच्याकडून कमी घेतले त्यांनी करायची. अन् तीही लातूरच्या ऑफिसात."

सरांनी अर्ज तरीही दिला. बाबूंनी तो आदरानं घेतला आणि त्यावर कपबशी ठेवली.

शेजारचे लिंबाजीराव हे निवृत्त तलाठी. सल्ला देताना ते डोळे मिटतात, त्यामुळं समोरचा उठून गेला तरी त्यांना कळत नाही. सर मात्र बसून राहिले आणि तिथंच फसले. "भांडून कुठं काय होत असतं का सर?" लिंबाजीराव मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "तुम्ही दर शनिवारी लातूरला जाऊनच राहिले ना? येताना घेऊन यायची डाळ. आमचीही पाच किलो आणा." हे वाक्य भिंतीपलीकडे गेलं आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या कॉलनीला डाळ लागायला लागली. कुणाला तेलही हवं होतं. कॉलनीच्या तोंडाशी पूर्वी एक किराणा दुकान होतं. महालाभ आल्यावर ते वर्षभरात बसलं आणि आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळत. दुसरीकडे जायची सोयच उरली नव्हती.

असे सर हमाल झाले. पहिल्याच खेपेला कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं, आणि 'मास्तर, दुकान टाकलं का?' असं भर गाडीत विचारलं. अहमदपूरच्या अलीकडे एका आजींना पायाखालची पिशवी मऊ लागली, म्हणून त्या तिच्यावर बसल्या. तेलाच्या पिशव्यांनी थोडा वेळ दम धरला, मग धरला नाही. तेल मागच्या बाकाखालून निघून ड्रायव्हरपर्यंत पोचलं आणि ड्रायव्हरनं ब्रेकवरून पाय घसरतोय म्हणून गाडीच उभी केली. भूमितीच्या शिक्षकानं स्वतःच्या टॉवेलानं सरकारी गाडी पुसली. साऱ्या प्रवाशांनी ती कुठं कुठं पुसायची राहिली ते बसल्या जागेवरून दाखवलं. एवढं करून माल घरी आला, तेव्हा लिंबाजीराव म्हणाले, "डाळ थोडी तेलकट लागून राहिली." सामानाच्या तिकिटाचा विषय सरांनी हळूच काढून बघितला. "तुम्ही तसेही येणारच होते की," असं सगळ्यांचं एकमत पडलं.

पण भाव कमी का, हे कोडं सरांना सुटत नव्हतं. ते सोडवलं सिद्धरामनं. सर मुखेडच्या शाळेत असताना हा सिद्धराम त्यांचा विद्यार्थी होता, आणि आता लातूरच्या महालाभात डाळ-तांदळाचा सुपरवायझर. डाळीच्या दोन ढिगांमध्ये वाकून तो सरांच्या पाया पडला.

"तुमच्यापासून काय लपवायचं सर? समोरच्या माणिकप्पाकाकांमुळं रेट खाली हाय. रोज सकाळी मी जातो, भाव विचारतो. काका खरा भाव सांगतात. आमी त्याच्या खाली दोन रुपये लावतो. तुमच्या नांदेडच्या दुकानासमोर कोणीच न्हाई. मग खाली कशाला यायचं?"

"माणिकप्पांना माहीत आहे का हे?"

"हाय की. परवा म्हणाले, लिहून घे रे लेकरा, इसरशील."

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणिकप्पा आहेत तोवर डाळ स्वस्त. माणिकप्पा गेले की लातूरचं नांदेड होणार. म्हणून माणिकप्पा टिकले पाहिजेत. इथून सरळ पुढं गेलं तर माणिकप्पांकडून डाळ घेतली पाहिजे, हे कोणत्याही पोराला समजेल. पण आयुष्यभर सरळ रेषा शिकवलेल्या माणसानं इथं किंचित वळण घेतलं. माणिकप्पांकडून डाळ कुणीतरी घेतली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मुलांच्या क्लासपायी लातुरात येऊन राहिलेल्या आयांना पत्र्याखाली जमवलं आणि भाषण केलं. "स्थानिक दुकान हा गावाचा कणा आहे," वगैरे. बायांना ते मनापासून पटलं. "हाव, माणिकप्पा टिकायलाच पाहिजेत," असं एकीनं म्हणून दुसरीकडे बघितलं. दुसरीनं तिसरीकडे. शेवटी प्रत्येकीनं त्यांच्याकडून काही ना काही घ्यायचंच, असं ठरलं, आणि सगळ्या ठरावाला जागल्या. कुणी काडेपेटी घेतली, कुणी चिमूटभर मोहरी, कुणी कापराच्या वड्या. माणिकप्पा काडेपेटीदेखील पुडीत बांधून देत आणि सोबतच्या लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. डाळ, तेल, साखर, साबण महालाभातून येई.

अडचण एवढीच की वर जायचा जिना माणिकप्पांच्या तराजूला लागून होता आणि ती पिशवी मेली अशी पिवळी, की चौकातून दिसावी. विनीताबाई ती पदराखाली घेत. मिहिर फिजिक्सच्या नोट्सखाली दडपून आणी. सर डाळ छत्रीत घालून आणत, पावसाळा संपला तरी. ती मिटलेली, फुगलेली छत्री दोन्ही हातांनी उराशी धरून ते 'काय माणिकप्पा, बरंय ना?' असं विचारत जिना चढत. माणिकप्पा नेमके तेव्हा पाठमोरे असत, फळीवरचा एखादा डबा पुसत. सुटलो बुवा, असं सरांना वाटे.

मनाला लागलेली टोचणी सर सल्ला देऊन काढत. "माणिकप्पा, जमाना बदलला," ते एका रविवारी म्हणाले. "हे मधलं लाकडी काउंटर काढा. गिऱ्हाइकाला आत येऊ द्या, मालाला हात लावू द्या."

"लावू द्या की सर. तुमी शिकलेले."

काउंटर निघालं. प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्या. दुकान इतकं अरुंद की टोपल्या घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या, तर एकीला उलट पावली रस्त्यापर्यंत जावं लागे. आणि चारेक दिवसांनी गल्लीतला वळू आत आला. त्यानं गुळाला हात, म्हणजे तोंड लावलं, पोहे बघितले, शेंगदाणे पसंत केले. पण वळायला जागा नव्हती म्हणून त्याला मागं मागं काढावं लागलं. बरण्यांची एक अख्खी फळी त्याच्याबरोबर आली. ओरडा ऐकून सिद्धराम समोरून धावत आला आणि त्यानं काचा गोळा केल्या. सर तेव्हा नांदेडात होते. फोनवर त्यांनी धीर दिला, "सुरुवातीला अडचणी येतातच." माणिकप्पा हाव म्हणाले. त्यांनी सरांना कधी नाही म्हटलंच नव्हतं, आणि याचा अर्थ सर आपल्या परीनं लावत होते.

दोन वर्षं अशी गेली. बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, विनीताबाई आणि मिहिर खोली रिकामी न करता नांदेडला आले. निकाल लागला आणि मिहिर 'रिपीट' करणार असं ठरलं. आमच्याकडं हल्ली कुणी नापास होत नाही. खोली आणखी वर्षभर लागेल हे सांगावं म्हणून सरांनी माणिकप्पांना फोन लावला.

"खोली तुमचीच हाय सर. कवाबी या."

"आणि धंदा काय म्हणतोय?"

"दुकान वाढवलं की सर. मागल्या महिन्यातच."

"काय सांगता! वा, वा! अभिनंदन!" सर एवढ्यानं ओरडले की शेजारी लिंबाजीरावांनी डोळे उघडले. पलीकडून काहीच आवाज येईना. लाईन खराब आहे म्हणून सरांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी सर कॉलनीभर फिरले. बघा, म्हणाले, आपण नुसतं बोलत नाही बसलो, एका माणसाला उभं केलं. महालाभाच्या नाकावर टिच्चून दुकान वाढवलं पठ्ठ्यानं! विनीताबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा नीट विचारा तरी." पण दोन वर्षांत पहिल्यांदा सरांना छाती भरून श्वास घेता येत होता. असला श्वास कोण सोडतो? कॉलनीनं वर्गणी काढली, शाल आणली. शाल महालाभातून आणली, कारण तिथं एकावर एक होती. दुसरी लिंबाजीरावांनी ठेवून घेतली.

नारळ, पेढे, शाल, ट्रंका आणि तोंड पाडलेला मिहिर असं सगळं घेऊन कंधारकर कुटुंब लातुरात उतरलं. दुकानाचं शटर खाली होतं. आत रंगकाम चालू असेल, असं सर म्हणाले. वरच्या इतर खोल्यांमधल्या दोन-तीन आया नव्या वर्षासाठी आल्याच होत्या, त्यांनाही त्यांनी खाली बोलावून घेतलं. बोळातल्या दारानं माणिकप्पा बाहेर आले. विभूती लावलेली, सदरा धुतलेला.

"उघडा शटर माणिकप्पा," सर नारळ उंचावून म्हणाले. "आधी नारळ वाढवू."

"कशाला सर?"

"कशाला काय? दुकान वाढवलंत ना तुम्ही!"

वरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला, आणि त्या पदराकडे बघता बघता सरांना कळलं. बाईची बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि दुकानदाराच्या तोंडून 'बंद' हा शब्द निघत नाही. रोज शटर ओढतानाही तो दुकान वाढवतो आणि कायमचं ओढतानाही. हे सरांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. या जिन्यावरून जाता-येता शेकडो वेळा त्यांनी हाच शब्द ऐकला होता. पण फोनवर त्यांना चांगलं ऐकायचं होतं, म्हणून चांगलं ऐकू आलं.

सरांचा हात नारळासकट तसाच वर राहिला. तो कसा खाली घ्यावा हे त्यांना सुचेना. माणिकप्पांनीच तो नारळ काढून घेतला, काखेत धरला आणि मान पुढं केली.

"घाला की सर शाल. एवढ्या लांबून आणलीय." मग बायांकडे वळून म्हणाले, "सरांनी ध्यान ठेवलं बगा. कोण ठेवतंय?"

सरांनी शाल घातली. एकीनं टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

"आता च्या घेतल्याबिगर सोडणार न्हाई," माणिकप्पा म्हणाले.

विनीताबाई मिहिरला घेऊन मुकाट्यानं वर गेल्या. सर आत जाऊन बसले. मधल्या दारातून दुकान दिसत होतं. फळ्या रिकाम्या होत्या आणि डबे होते तिथं भिंतीवर गोल गोल डाग राहिले होते. पार्वतम्मा आतून म्हणाल्या, "साखर न्हाई." जिथं साखरेच्या पोत्यावर बसून सरांनी दोन वर्षं सल्ले दिले, त्या घरात साखर नव्हती. "बसा, आलोच," म्हणत माणिकप्पा कापडी पिशवी घेऊन निघून गेले, शाल अंगावर तशीच.

"वहिनी, मला खरंच वाटलं की..." सर म्हणाले.

"वाटलं आसंल," पार्वतम्मा म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी छत्रीत डाळ घालून वर न्यायचे. ह्यांना दिसायचं की सगळं. तुमाला लाजल्यागत हुऊ नये म्हणून हे पाठ करून डबे पुसत बसायचे. समदेच तसले, मग दिसभर पुसणंच. लई चकाचक हुते आमचे डबे. इकताना चांगला भाव आला."

सर उठले. "मी साखरेचं बघतो," असं काहीतरी पुटपुटून ते रस्ता ओलांडून महालाभात शिरले. दाराशीच तूरडाळीचा ढीग होता आणि वर भावाची पाटी. सरांना भाव चांगला पाठ होता. सिद्धराम समोर दिसताच, सवयीनं, काही कळायच्या आत त्यांचा आवाज चढला. "अरे सिद्धराम, हा भाव काय लावलास? हा तर नांदेडचा भाव आहे!"

सिद्धराम खाली बघून हळू म्हणाला, "सर, आता सकाळी कुणाला इचारायला जाऊ?"

"त्याला काय बोलू नका सर," मागून आवाज आला. "नोकरी करतंय लेकरू." पैसे भरायच्या रांगेत माणिकप्पा उभे होते. हातात साखरेचा पुडा, अंगावर कॉलनीची शाल. सर पैसे द्यायला पुढं झाले, तर त्यांनी हात आडवा धरला. "घरी आलेल्या मानसाकडनं साखरेचे पैसे घेत्यात व्हय?"

दारावरचा पहारेकरी नवीन होता. त्यानं बिल बघितलं, पुडा बघितला आणि म्हणाला, "बाबा, शाल काढा जरा. शालीखालून लोक माल नेऊन राहिले."

सरांना पुष्कळ बोलायचं होतं. हे कोण आहेत तुला माहीत आहे का, इथून सुरुवात करायची होती. पण माणिकप्पांनी पुडा सरांच्या हातात दिला, शाल काढली, झटकली आणि दोन्ही हात वर करून एकदा सावकाश वळले. पहारेकऱ्यानं बिलाला भोक पाडलं. शालीची घडी घालून माणिकप्पांनी ती हातावर टाकली. परत पांघरली नाही.

पार्वतम्मांनी चहा केला. माणिकप्पांनी सरांना बशीत ओतून दिला आणि विचारलं, "मिहिरचं औंदा तरी हुईल ना सर?" होईल, असं सर म्हणाले. चहा छान झाला होता आणि फार गरम होता. तो संपेपर्यंत सरांना तिथंच बसून राहावं लागलं.